भुकटीचा रंग

प्रबंधाच्या एकशे तीस प्रती छापून खोक्यांत भरून आल्या, आणि बरोब्बर सहाव्या दिवशी गेस्के फेनस्ट्राला आपली चूक सापडली. पंधरवडाभर आधी सापडली असती तर दुरुस्त करता आली असती. दोन आठवड्यांनी सापडली असती तर निदान समारंभ तरी सुखाने पार पडला असता. पण चुकांना कुठली आलीय माणसाची सोय!

आमच्याकडे प्रयोगशाळा सोडून जाणाऱ्याने आपलं टेबल स्वतः पुसून द्यायचं असतं. प्रबंध कितीही थोर असो, टेबलावर डाग दिसला तर सामानाची बाई कागदावर सही करत नाही. समारंभाला नऊ दिवस होते. गेस्के दुपारची खण रिकामा करत बसली होती. नमुन्यांच्या चिमुकल्या बाटल्या एकेक करून टोपलीत टाकत होती. सतरा नंबरची बाटली हातात आली आणि हात तिथेच थांबला. आतली भुकटी पांढरी असायला हवी होती, मैद्यासारखी. ती राखाडी होती.

“काजळी,” ती स्वतःशीच म्हणाली.

आता तिने चार वर्षं काय केलं ते सांगायला हवं. उत्प्रेरक म्हणजे अशी भुकटी, की तिच्यावरून वायू गेला की त्याची वेगळीच वस्तू होते, आणि भुकटी मात्र होती तशी राहते. पण काम करताना ती तापते. नळीत कुठे किती तापते हे कळलं तर ती जास्त टिकवता येते, म्हणून सगळे त्याच्या मागे. तारेचा तापमापक खुपसला तर तो एकाच जागेचं सांगतो, वर स्वतःच थोडी उष्णता पिऊन टाकतो. गेस्केने भुकटीत चमकणारे बारीक कण मिसळले. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा किरण सोडला की ते हिरवे उजळतात. त्या हिरव्यात दोन छटा असतात. भुकटी तापली की त्यातली एक छटा वाढते. दोन्हींचं प्रमाण मोजलं की तापमान कळतं, काही न खुपसता, लांबून, नुसत्या उजेडावरून.

आणि तिने शोधून काढलं होतं, की नळीच्या तोंडाशी, जिथे वायू आत शिरतो तिथे, भुकटी बाकीच्या नळीपेक्षा चाळीस अंशांनी जास्त गरम असते. चाळीस! विभागातले लोक तिला कॉफीच्या रांगेत “काय चाळीसवाले” म्हणून हाक मारायचे. प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे ते चाळीस अंश.

पण काजळीही नळीच्या तोंडाशीच धरते. काळी छत्री उन्हात तापते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेस्केचा किरण काजळी धरलेल्या भुकटीवर पडत होता, तिला तापवत होता, आणि गेस्के तो ताप भुकटीच्या खाती लिहीत होती.

तिने दार लावून घेतलं, चिमूटभर राखाडी भुकटी काचेवर घेतली आणि किरण सोडला. खोलीत एकवीस अंश होते. पडद्यावर बावन्न आले. दिवा अर्ध्यावर आणला तर छत्तीस. काही जळत नव्हतं, वायू नव्हता, भुकटी टेबलावर गार पडलेली, आणि तिच्याच यंत्राने तिला ताप चढवला होता. पहिल्या प्रकरणात तारेच्या तापमापकाची काय टर उडवली होती तिने! ‘मोजायला जातो आणि मोजायची वस्तूच बदलून ठेवतो’, हे तिचंच वाक्य. ते आठवून तिला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात दार ढकलून योरिट आत आला, हात पुढे करून.

“बघ ही बाही! मनगटाच्या वर चार बोटं. भाड्याचा कोट देणारा म्हणतो, तुम्हीच जास्त लांब आहात. माझाच दोष म्हणे!”

योरिट तिच्या शेजारच्या टेबलावरचा. पदवीच्या समारंभात उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना दोन पाठीराखे उभे राहतात, शेपटीवाला काळा कोट घालून. जुन्या काळी म्हणे त्यांनी उमेदवाराचं रक्षण करायचं असे. आता पाण्याचा पेला भरायचा, घाबरलं की कोपर मारायचं आणि नंतरची मेजवानी सांभाळायची. गेस्केच्या एका बाजूला धाकटी बहीण एल्स असणार होती, दुसऱ्या बाजूला योरिट.

“चेहरा का असा पडलाय?” त्याने विचारलं.

“टेबल पुसतेय.”

“पूस पूस. पण ती सतरा नंबर टाकू नकोस हं. देव्हाऱ्यात ठेवायची आहे मला. तुझ्या चाळीसावर माझं घर उभं आहे, बये.”

आणि ते खरंच होतं. योरिटचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. त्याची दोन वर्षांची सगळी आकडेमोड तिच्या चाळीस अंशांपासून सुरू होत होती. गेल्याच महिन्यात त्याने आपला लेख नियतकालिकाकडे धाडला होता. नेमणुकीचे आठ महिने उरले होते.

गेस्केने बाटली खिशात टाकली.

तिला भीती पदवीची नव्हतीच. आमच्याकडे समारंभात कोणी नापास होत नाही. समितीने प्रबंध महिन्याभरापूर्वीच मान्य केलेला असतो. समारंभ म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचं नाटक, झगे घातलेल्या प्राध्यापकांचे प्रश्न आणि उमेदवाराची गुळगुळीत उत्तरं. पंचेचाळीसावं मिनिट संपलं की चोपदार चांदीची काठी आपटत आत येतो, काठीवरची घुंगरं वाजतात आणि तो लॅटिनमध्ये ओरडतो, “होरा एस्ट!” वेळ झाली. तुम्ही वाक्याच्या मध्यावर असलात तरी सुटलात. उत्तर द्यायचं राहिलं तरी चालतं. म्हणजे गेस्केने तोंड मिटून ठेवलं असतं तर कोणाच्या बापाला पत्ता लागला नसता. फक्त योरिटने आणखी आठ महिने वाळूवर विटा चढवल्या असत्या. आणि एक दिवस कोणीतरी त्याच्या तोंडावर ते सांगितलं असतं.

आणि सांगितलं तर? तर ती डॉक्टर होऊन निघून जाणार, आणि घर पडणार त्याचं. हे जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी ती तिचा मार्गदर्शक ओन्नो याला गाठायला खाली सायकलींपाशी गेली. आमच्याकडे प्रोफेसरलाही नावानेच हाक मारतात.

“ओन्नो, एक मिनिट आहे?”

“प्रबंधाबद्दल असेल तर नाही,” तो कुलूप काढत म्हणाला. “छापलंय ना? मग आता त्यातलं एकही पान उघडायचं नाही. सगळ्यांना शेवटच्या आठवड्यात राक्षस दिसतात. मला माझ्या वेळी आख्खं तिसरं प्रकरण चुकलंय असं वाटलं होतं.”

“आणि चुकलं होतं?”

“छे! जा, झोप काढ.” आणि गेला पेडल मारत.

खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. तीच तर गंमत! भित्र्या माणसाला दार बंद दिसलं की हायसं वाटतं.

मग तिने घरी फोन केला. तिचे बाबा, सित्से, उत्तरेकडच्या एका खेड्यात पाव भाजतात. चाळीस वर्षं तीच भट्टी.

“बाबा, भट्टी कुठे किती तापलीय हे तुम्हाला कसं कळतं हो?”

“दार उघडून बघतो की.”

“पण दार उघडलं की आतली गरमी जाते ना?”

“जातेच! म्हणून झटकन बघायचं, अन् बघितल्यामुळे किती गेली तेही धरायचं. तुझ्या आजोबांनी मला पहिलं हेच शिकवलं. का गं? तू तर म्हणाली होतीस तुझ्या मशिनला दार उघडावं लागत नाही.”

“हो. म्हणाले होते.”

“जेवतेस ना नीट? समारंभाला तीस साखरपाव आणतोय. पुरतील?”

पुरतील म्हणून तिने फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. आमच्याकडे छापलेल्या पुस्तकात चूक सापडली तर दुरुस्तीची चिठ्ठी घालतात. तिने तीनदा चिठ्ठी लिहिली, एकशे तीस कापूनही ठेवल्या, आणि खणात टाकल्या. रोज योरिटबरोबर कॅन्टीनमध्ये टोमॅटोचं सूप पीत होती. तो मेजवानीत कोणती गाणी लावायची याची यादी वाचून दाखवायचा. ती मान हलवायची. रात्री डोळा लागायचा नाही आणि सकाळी घास उतरायचा नाही. नऊ दिवसांत तिचा समारंभाचा निळा पोशाख कमरेत सैल झाला. एल्सने पिना लावून तो बसवला.

“सगळ्यांचंच होतं असं,” एल्स म्हणाली. “योरिट म्हणाला, तू काही बोलली नाहीस तरी चाळीस आकडा तुझ्या वतीने बोलेल.”

समारंभाच्या दिवशी जुन्या सभागृहात दीडशे माणसं. पहिल्या रांगेत बाबा, लग्नातल्या सुटात, हात मांडीवर ठेवून. उंच भिंतीवर घड्याळ. सव्वाबाराला घुंगरं वाजली, सगळे उठले, झगे घातलेली समिती आत आली. ओन्नोसुद्धा त्या मखमली टोपीत ओळखू येईना. आज नावाने हाक नाही. आज प्रत्येक उत्तराच्या आधी प्रश्न विचारणाऱ्याला “परमविद्वान प्रतिवादी” म्हणायचं, नाही तर अध्यक्ष भुवया उंचावतात.

पहिला प्रश्न कणांच्या आकाराचा. तिने दिलं उत्तर. दुसरा, तिसरा. प्रत्येक जण पुस्तक उघडायचा तेव्हा ती लांबून पानाचा अंदाज घ्यायची. जाड भाग डावीकडे गेला की चौथं प्रकरण जवळ आलं. तळहात गार पडलेले. घड्याळाचा काटा हलतो की नाही असं तिला झालं होतं. बारा-पस्तीस. बारा-बेचाळीस. एकाने प्रस्तावनेत उल्लेखलेल्या तिच्या बाबांच्या भट्टीबद्दल विचारलं, सगळे हसले, बाबा लाल झाले. बारा-एकावन्न. योरिटने पेला भरून पुढे सरकवला आणि ओठ न हलवता पुटपुटला, “नऊ मिनिटं. गड आलाच.”

बारा-त्रेपन्नला अध्यक्षांनी बेल्जियमहून आलेल्या प्राध्यापक दे क्लेर्कबाईंकडे पाहिलं. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, टोपी कपाळावर घसरलेली. त्यांनी पुस्तक उघडलं. जाड भाग डावीकडे गेला.

“सन्माननीय उमेदवार,” त्या म्हणाल्या, “पान एक्याण्णव. चाळीस अंश. फार सुंदर आकृती आहे. माझा प्रश्न अगदी साधा आहे. प्रयोग संपल्यावर भुकटीचा रंग काय होता?”

बाईंना माहीत होतं? की नुसतंच विचारलं? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“परमविद्वान प्रतिवादी,” तिने सुरुवात केली, “या मार्मिक प्रश्नाबद्दल मी आपली आभारी आहे. रंगाचा विचार करताना आधी भुकटी कशी तयार केली ते पाहावं लागेल…” आणि ती भुकटी तयार करायला लागली. पाणी, क्षार, ढवळणं, सुकवणं, भाजणं. वेळ काढायची ही युक्ती आमच्या प्रत्येक उमेदवाराला पाठ असते. बाई शांत ऐकत होत्या. गेस्केला आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून आल्यासारखा ऐकू येत होता. बारा-अठ्ठावन्न. “…भाजल्यानंतर ती शुभ्र पांढरी असते. या पांढऱ्या भुकटीत आम्ही कण मिसळतो…” बारा-एकोणसाठ. “…आणि प्रयोगानंतर, परमविद्वान प्रतिवादी, तिचा रंग…”

घुंगरं. दार. काठी जमिनीवर आपटली.

“होरा एस्ट!”

सभागृहात सुटकेचा श्वास आणि हशा. अध्यक्ष हसून म्हणाले, “उमेदवाराने वाक्य पूर्ण करावं किंवा सोडून द्यावं.” सगळेच सोडून देतात. दे क्लेर्कबाईंनी पुस्तक मिटलं. बाबांनी टाळ्यांसाठी हात उचलले. योरिटने तिच्या कोपराला कोपर लावलं.

“सुटलीस!” तो कुजबुजला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. आखूड बाहीतून मनगट बाहेर आलेलं, आणि चेहरा असा फुललेला, जणू पदवी त्यालाच मिळाली होती. तिला एकदम त्या चेहऱ्यापुढे स्वतःची लाज वाटली. आपण सुटलो, आणि हा अडकला.

“मला वाक्य पूर्ण करायचंय,” ती म्हणाली.

हशा थांबला. चोपदाराची काठी हवेतच राहिली.

“प्रयोगानंतर भुकटी राखाडी होती. तोंडाशी जवळजवळ काळी. माझा किरण त्या काळ्यावर पडून तिला तापवत होता. ते चाळीस अंश पूर्णपणे भुकटीचे नाहीत, बरेचसे माझ्या दिव्याचे आहेत. मला हे नऊ दिवसांपूर्वी कळलं आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही. ज्यांनी या आकड्यावर आपलं काम उभं केलंय, त्यांनी तो आकडा धरू नये.”

कोणी टाळी वाजवली नाही. दे क्लेर्कबाईंनी पुन्हा पुस्तक उघडून पान एक्याण्णववर काहीतरी लिहिलं. समिती रांगेने बाहेर गेली. गेस्केच्या कोपराला लागलेलं कोपर केव्हाच बाजूला झालं होतं. योरिट सरळ समोर बघत उभा होता.

“योरिट,” ती म्हणाली.

“समितीचा विचार चाललाय,” तो म्हणाला. “पाठीराख्याने बोलायचं नसतं.”

समिती दहा मिनिटांत परतते. त्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली. पदवी मिळाली. ओन्नोने लाल लाखेची मोहर लावलेला कागद हातात दिला आणि रिवाजाप्रमाणे स्तुतिपर भाषण केलं. त्याचा आवाज कोरडा होता.

“एका मुलीने मला सायकलींपाशी एक मिनिट मागितलं होतं,” तो शेवटी म्हणाला. “मी दिलं नाही. पुस्तकात चिठ्ठी घालावी लागेल, डॉक्टर फेनस्ट्रा. दोन नावांनी.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाहेर मेजवानी, तळलेले गोळे, बिअर, बाबांचे साखरपाव. माणसं तिचा हात दाबत होती, पण नजर जरा चुकवत होती. योरिटने गाणी लावली होती, पण तो स्वतः कुठेच नव्हता.

“तो उंच पोरगा कुठे गेला?” बाबांनी विचारलं. “त्याच्यासाठी पावाचा कडेचा तुकडा राखून ठेवलाय. साखर तिथे जास्त असते.”

“मी दुखावलंय त्याला, बाबा. तो रागावलाय माझ्यावर. मी फार वाईट वागले.”

“वागलीस खरी,” बाबा म्हणाले. “मग इथे काय करतेस?” आणि तुकडा रुमालात बांधून तिच्या हातात दिला.

निळ्या पोशाखात ती सायकलवर निघाली. प्रयोगशाळेच्या दाराखालून अंधार दिसत होता, म्हणजे पडदे ओढलेले. आत काळा कोट खुर्चीवर फेकलेला, योरिट पांढऱ्या शर्टात, बाह्या कोपरापर्यंत. शर्टाच्या पुढच्या बाजूला काजळी.

“दार लाव. उजेड येतोय.”

तिने लावलं.

“माझा खण उघडलास?” तिने विचारलं.

“तुझी बाटली खिशातच असणार हे माहीत होतं. माझ्याही नळ्या आहेत. त्यांची तोंडं बघितली. काळी आहेत.” तो वळला नाही. “दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर काळी होती, आणि मी तुझा आकडा वाचत होतो. पण मी गाढव आहे ते ठीक. तू नऊ दिवस माझ्याबरोबर सूप पीत होतीस, गेस्के. नऊ दिवस!”

“मला भीती वाटली.”

“कशाची? पदवी तर मिळणारच होती.”

“तुझ्या तोंडाची. तुला सांगितल्यावर ते जसं होईल, त्याची.”

“मग दीडशे माणसांसमोर बघितलंस ना ते?”

“बघितलं,” ती म्हणाली, आणि तिथेच उभ्याउभ्या रडायला लागली. “माफ कर म्हणत नाही. तोंडच नाही मला.”

त्याने पायाने स्टूल तिच्याकडे ढकललं.

“बस. हलू नकोस. दिवा विसाव्या भागावर आणलाय, म्हणजे किरण भुकटीला तापवणार नाही. पण उजेड इतका कमी येतो की एका आकड्याला चाळीस मिनिटं लागतात. नळीच्या शेपटीचा घेतलाय. आता तोंडाचा चाललाय.”

नळी भट्टीत होती, वायू चालू होता. पडद्यावर हिरव्या दोन छटांचे ठिपके एकेक करून साठत होते. दोघं बसून राहिली. तिने रुमाल सोडून मध्ये ठेवला. पंधराव्या मिनिटाला त्याने न बघता तुकडा मोडून तोंडात टाकला.

“शून्य आलं तर?” तिने विचारलं.

“तर मी तुझ्या बाबांच्या बेकरीत कामाला जातो. मला आताच भूक लागलीय.”

तिला हसू आलं नाही. त्यालाही नाही. तिचे तळहात सभागृहात होते त्याहून गार पडले होते. सभागृहात निदान चोपदार येणार हे माहीत होतं.

पडद्यावर आकडा स्थिरावला. योरिटने शेपटीचा आकडा त्यातून वजा केला. पुन्हा केला. मग कागद तिच्याकडे सरकवला, कारण त्याला मोठ्याने म्हणायचा धीर होईना.

“अकरा,” ती म्हणाली.

“अकरा.”

“चाळीस नाही.”

“शून्यही नाही,” तो म्हणाला. मनगटाने त्याने चेहरा पुसला, काजळी गालभर पसरली. “लेख मागे घ्यायचं पत्र तू लिही. डॉक्टर आहेस आता. दोन वर्षांतलं निम्मं तरी वाचेल. निम्मं नाही.”

“आज लिहिते.”

“आज नको. आज तुझी मेजवानी आहे. मी पाठीराखा आहे, मला भाषण करायचंय.” त्याने प्रयोगाची वही ओढली, तारीख घातली, आकडे उतरवले. मग पट्टी घेऊन पानावर एक नवा रकाना आखला, त्याच्या डोक्यावर ‘रंग’ असं लिहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं.

“राखाडी,” तिने लिहिलं, आणि खाली दोघांनी सह्या केल्या.